सभासदाच्या हातातला कागद

१६ फेब्रुवारी १८९३ रोजी कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, भिनग्याच्या राजांनी सरकारला एक प्रश्न विचारला. सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले की त्यांच्या तळाला रसद पुरवावी लागते आणि त्यापायी लोकांना त्रास सोसावा लागतो, असा त्या प्रश्नाचा विषय होता. साम्राज्याच्या सर्वोच्च सभागृहात नव्या कायद्याने मिळालेला हक्क वापरून विचारलेला हा पहिला प्रश्न. तो लष्कराच्या खर्चाविषयी नव्हता की सरहद्दीविषयी नव्हता. साहेबाचा तळ पडला की गावातल्या माणसाचे काय होते, एवढेच त्यात विचारले होते. नंतरच्या शंभर वर्षांत हिंदुस्थानातल्या सभागृहांत जे सर्वांत मोलाचे प्रश्न उभे राहिले, त्यांतले बरेचसे याच जातीचे आहेत.

हा हक्क सहज मिळाला नव्हता. १८५३ च्या सनदी कायद्यानंतर गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळात सभासद सरकारला जाब विचारू लागले होते. लंडनला ते रुचले नाही. १८६१ च्या कायद्याने वेसण घातली आणि समोर आलेल्या विधेयकाखेरीज दुसरे काही बोलायचे नाही असे ठरवून टाकले. मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये, म्हणजे आज एशियाटिक सोसायटी आहे त्या इमारतीत, पहिल्यांदा भरले, ते याच अटीवर. जगन्नाथ शंकरशेट त्या मंडळाचे सभासद होते. ज्या माणसाच्या शब्दाला सबंध मुंबईत वजन होते, त्याला सभागृहात बसून शहराच्या कारभाराविषयी एक साधा प्रश्नही विचारता येत नव्हता.

१८९२ च्या कायद्याने दार किलकिले केले. सभासदाला प्रश्न विचारता येऊ लागला, अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले. उत्तर उडवाउडवीचे असले तरी त्यावर दुसरा प्रश्न मात्र काढता येत नव्हता, आणि अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हते. तरीही मुंबईच्या मंडळात लोकांच्या संस्थांमार्फत निवडून आलेली माणसे येऊ लागली. १८९५ मध्ये टिळक आले, १८९९ मध्ये गोखले आले, आणि फिरोजशहा मेहता तर होतेच. ऑगस्ट १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घेण्याची त्यात सोय होती. या विधेयकावर आधी मते मागवावीत, ही मेहतांची दुरुस्ती सरकारी बहुमताने फेटाळली. मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी उठून सभागृहाबाहेर गेले. सभात्याग आज रोजचा झाला आहे. त्या काळी ती अघटित गोष्ट होती आणि सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर तोंडसुख घेतले. विधेयक मंजूर व्हायचे ते झालेच.

मोर्ले-मिंटो सुधारणांनी १९०९ मध्ये आणखी दोन आयुधे दिली. ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याला पुरवणी प्रश्न काढता येऊ लागला, आणि सार्वजनिक हिताच्या विषयावर ठराव मांडता येऊ लागला. नामदार गोखल्यांनी या ठरावाचा जो उपयोग केला, त्याला तोड नाही. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती थांबवण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला आणि १९११ च्या जुलैपासून नाताळची भरती बंद झाली. १९१० च्याच मार्चमध्ये त्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला, तो सरकारच्या आश्वासनावर मागे घेतला, आणि आश्वासनातून काही निघत नाही असे दिसताच १६ मार्च १९११ रोजी स्वतःचे विधेयक मांडले.

ते विधेयक वाचताना गोखल्यांची सावध बुद्धी जागोजाग दिसते. सक्ती सगळीकडे एकदम नव्हती. जिथे पुरेशी मुले आधीच शाळेत जात आहेत, तिथल्या नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने सरकारची परवानगी घेऊन सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून सुरुवात करावी, इतकीच मागणी होती. बडोद्यात सयाजीरावांनी याच्याही पुढचे पाऊल १९०६ मध्येच टाकले होते. तरीही मार्च १९१२ मध्ये हे विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव १३ विरुद्ध ३८ मतांनी पडला. विरोधात केवळ सरकारी मते नव्हती, काही जमीनदार सभासदही होते. गोखले १९१५ मध्ये गेले. पुढे मुंबईच्या मंडळात विठ्ठलभाई पटेलांनी सक्तीच्या शिक्षणाचे बिनसरकारी विधेयक नेटाने लढवले आणि १९१८ मध्ये त्याचा कायदा झाला. नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा ब्रिटिश हिंदुस्थानातला हा पहिला कायदा. गोखल्यांनी कलकत्त्यात गमावलेली गोष्ट सहा वर्षांत त्यांच्याच इलाख्यात अशी उभी राहिली.

आता त्या ठरावाकडे यायला हवे, ज्याच्यावाचून महाराष्ट्राचा विसाव्या शतकातला इतिहास सांगताच येत नाही.

१९१९ च्या कायद्यानंतर मुंबईचे कायदेमंडळ मोठे झाले, सर नारायण चंदावरकर त्याचे अध्यक्ष झाले, आणि निवडून आलेल्यांत सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले, मुंबईच्या गिरणी कामगारांत वावरलेले पुढारी होते. कामगार हितवर्धक सभेच्या कामामुळे चाळींतले आणि गिरण्यांतले जिणे त्यांनी जवळून पाहिले होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव मंडळाने मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले, अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या असाव्यात, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही, अशी त्यात शिफारस होती.

कायदेमंडळाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो मोडला म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. पुढल्या महिन्यात सरकारने त्याच्या अंमलबजावणीविषयी खात्यांना कळवले आणि स्थानिक संस्थांचे ज्यांच्या त्यांच्यावर सोपवले. बहुतेक ठिकाणी तो कागद दप्तरात गेला. महाडला तसे झाले नाही. तिथल्या नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी सुधारणावादी माणसे होती. १९२४ मध्ये नगरपालिकेने स्वतःचा ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. प्रत्यक्षात कुणी तळ्यावर जाऊ धजले नाही, कारण सवर्णांची दहशत कायम होती. ऑगस्ट १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले. ज्या नगरपालिका आणि बोर्डे हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव त्यांनी आणला.

मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला परिषद घेतली आणि २० मार्चला हजारो माणसे तळ्यावर पाणी प्यायली, तेव्हा त्यांच्या मागे हे सगळे कागद उभे होते. तिथे कुणी परवानगी मागायला गेले नव्हते. सभागृहाने आणि नगरपालिकेने लिहून दिलेला हक्क वापरायला लोक गेले होते. त्यावर गावात मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी न्यायालयाचा मनाईहुकूम आला. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करणारी कोणतीही अनादि रूढी सिद्ध झालेली नाही असा निकाल दिला. बोल्यांचे नाव महाडच्या कहाणीत फार थोड्या वेळा घेतले जाते. ते अधिक आदराने घ्यायला हवे.

बाबासाहेब स्वतः १९२७ पासून मुंबई कायदेमंडळात होते. तिथे त्यांनी प्रश्न विचारले, अंदाजपत्रकावर मत मांडले, आणि मुंबईचे प्रतिनिधी आसवले यांच्या बाळंतपणाच्या रजेविषयीच्या विधेयकाला १९२८ मध्ये पाठिंबा दिला. त्याचा १९२९ मध्ये कायदा झाला. स्वतःचे पहिले मोठे विधेयक त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी आणले, ते महार वतनाचे. चार दाण्यांच्या बलुत्यावर आणि तुकडाभर इनाम जमिनीवर महाराने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामे करायची, ही पद्धत मोडण्यासाठी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती हवी होती. विधेयक चिकित्सा समितीत गेले आणि तिथे त्याचा जीव काढला गेला. जुलै १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. त्या प्रकारची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली.

कोकणातल्या खोतीचे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जमीनदारीचेही तसेच. १७ सप्टेंबर १९३७ रोजी, पुण्यातल्या अधिवेशनात, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी मोबदला आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा हक्क, असे त्याचे स्वरूप होते. अलिबागजवळच्या चरी भागातली कुळे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून संपावर होती, जमिनी ओस पडल्या होत्या, तरी कुळे मागे हटत नव्हती. त्या संपाचे बोलणे सभागृहाच्या भाषेत आणणारे हे विधेयक होते. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला आणि शिष्टमंडळाने मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांची भेट घेतली. खेर सरकारने विधेयक पुढे सरकू दिले नाही. खोती संपवणारा कायदा झाला १९४९ मध्ये, आणि तेव्हाही मुख्यमंत्री खेरच होते.

दिल्लीतल्या मध्यवर्ती कायदेमंडळात याच सुमारास मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख हिंदू विधवांसाठी झगडत होते. त्यांच्या बिनसरकारी विधेयकातून १९३७ चा हिंदू स्त्रियांचा मालमत्ता हक्क कायदा झाला आणि विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला, तोही हयातीपुरता. मुलींचा वाटा त्यांच्या मूळ मसुद्यात होता. समितीने तो कापून टाकला.

स्वातंत्र्यानंतर लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर. मुंबई विधानसभेच्या अध्यक्षपदाचा नऊ वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. प्रश्नोत्तरांच्या तासाला त्यांनी शिस्त लावली, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९५४ मध्ये लक्षवेधी सूचना नियमांत आली. हे आयुध ब्रिटिश पार्लमेंटकडून उसने घेतलेले नव्हते. इथल्या गरजेतून ते घडले, आणि आज महाराष्ट्राच्या विधानभवनात 'माझी लक्षवेधी लागली का' हा आमदारांच्या तोंडचा रोजचा प्रश्न आहे.

आयुध विकले जाऊ शकते, हेही लवकरच कळून चुकले. १९५१ मध्ये हंगामी संसदेतले मुंबईचे सभासद एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफ बाजारातल्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न आणि दुरुस्त्या दिल्याचे उघडकीस आले. खुद्द नेहरूंनी चौकशीचा प्रस्ताव मांडला. टी. टी. कृष्णम्माचारींच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दोषी ठरवले, आणि हकालपट्टीचा प्रस्ताव सभागृहापुढे असताना मुद्गल यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांतल्या ११ खासदारांचे सदस्यत्व याच कारणावरून गेले.

प्रश्नाची ताकद काय, ते १९५७ मध्ये सबंध देशाने पाहिले. नव्यानेच स्थापन झालेल्या, मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवल्याची कुणकुण लागली. राम सुभग सिंग यांनी सप्टेंबरमध्ये प्रश्न टाकला. उत्तर मोघम आले. हिवाळी अधिवेशनात फिरोज गांधींनी एकेक व्यवहार सभागृहापुढे मांडला. ते सत्ताधारी बाकांवरचे, पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. ते अर्थमंत्री म्हणजे टी. टी. कृष्णम्माचारी.

खासगी सभासदांच्या विधेयकांत सर्वांत मोठी राज्यघटनात्मक चर्चा घडवली ती राजापूरच्या बॅरिस्टर नाथ पैंच्या विधेयकाने. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला, की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. एप्रिलमध्ये नाथ पैंनी तो अधिकार संसदेला परत देणारे विधेयक मांडले. मूलभूत हक्क संसदेच्या बहुमतावर सोडणे धोक्याचे आहे, असा आक्षेप घेणारी माणसेही लोकशाहीवरच्या निष्ठेत कमी नव्हती, आणि पुढच्या काळाने त्यांची भीती निराधार नव्हती हे दाखवले. पण विरोधी बाकावरच्या एका खासदाराने सरकारला, संसदेला आणि देशभरच्या वकिलांना एका प्रश्नावर विचार करायला लावले, हे विलक्षण होते. विधेयक संयुक्त समितीत गेले, चर्चा लांबली, डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते रद्दबातल ठरले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चोविसावी घटनादुरुस्ती झाली. तिचा मुख्य मुद्दा नाथ पैंच्या विधेयकातलाच होता.

लोकसभेत आजही खासगी सभासदांसाठी शुक्रवारचे अडीच तास राखून ठेवलेले असतात. विधेयके चिठ्ठ्या टाकून निवडली जातात, आणि आठवड्याअखेर मतदारसंघाची गाडी पकडायला निघालेल्या खासदारांमुळे बाके रिकामी होतात. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकेच दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाली, त्यातले शेवटचे १९७० मध्ये. २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेने तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांचे विधेयक एकमताने मंजूर केले. लोकसभेत ते पार पडले नाही. सरकारने स्वतःचे विधेयक आणले, त्याचा कायदा २०१९ मध्ये झाला, आणि शिवांच्या मसुद्यातल्या आरक्षणासारख्या तरतुदी त्यात नव्हत्या.