हुरड्याची आगटी

आगटी म्हणजे जमिनीत खणलेला विस्तवाचा खड्डा. देशावर आणि मराठवाड्यात हा शब्द आता बहुतेक हुरड्याच्याच संदर्भात ऐकू येतो. ज्वारीची कोवळी कणसे ज्या गरम राखेत भाजली जातात, ती आगटी. थंडीत अंगणात पेटते ती शेकोटी. शेकोटीला जाळ लागतो, आगटीला तो चालत नाही. तिची सगळी घडण या एका फरकातून आली आहे.

खड्ड्यात विस्तव करण्याची रीत मात्र हुरड्याहून जुनी. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, घरात चूल आणि अंगणात विस्तवाचे खड्डे. त्या लोकांचे मुख्य धान्य जव होते, तेव्हा त्या खड्ड्यांना हुरड्याची आगटी म्हणणे ओढूनताणून होईल. तरी गवती छपराखाली राहणाऱ्याने मोठा विस्तव बाहेर आणि तोही खड्ड्यात का ठेवला असावा, हे समजायला पुरातत्त्वज्ञ व्हावे लागत नाही.

ज्वारी मूळची आफ्रिकेतली. दख्खनच्या काळ्या जमिनीत ती अशी रुजली, की पावसाळा सरल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवरच रब्बीचे पीक उभे राहते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे १९३०च्या दशकात निवडलेले मालदांडी वाण भाकरीसाठी नावाजले. हुरड्याला मात्र गूळभेंडी, सुरती अशी गोड, सहज मोकळ्या होणाऱ्या दाण्यांची वाणे लागतात. शेताच्या कडेला त्यांच्या चार ओळी पेरण्याची चाल होती. विकण्यासाठी नव्हे, पाहुण्यांसाठी. हुरड्याला बोलावणे हे शेतकऱ्याचे आमंत्रण असे आणि त्याचे पैसे घेणे कोणाच्या मनातही येत नसे.

दाण्यातला चीक घट्ट होऊ लागला, पण दाणा अजून नखाने दबतो, तेव्हा हुरडा तयार होतो. साधारण मार्गशीर्ष-पौषाचे हे दिवस. त्या वेळी उभी ज्वारी हिरवीच असते, त्यामुळे आगटीची धास्ती पिकाला फारशी नसते. धास्ती असते ती खरिपातल्या बाजरीच्या सरमाडाच्या गंजीला, सोयाबीनच्या भुसाला आणि बांधावरच्या वाळल्या गवताला. म्हणून जाणता माणूस आधी वारा पाहतो. गंजी वाऱ्याच्या उलट्या अंगाला राहील अशी मोकळी जागा निवडतो, भोवतालचा पालापाचोळा खुरप्याने खरडून काढतो आणि मगच खड्डा घेतो. खड्डा वीतभर खोल, हात-दीड हात रुंद. खणलेली माती फेकायची नाही, काठावरच ठेवायची. विस्तव आवरायला तीच हाताशी येते. काठाला नदीतले गोटे लावू नयेत. आत पाणी मुरलेला दगड तापला की फुटतो आणि त्याच्या कपच्या उडतात.

जळण गोवऱ्यांचे. गोवरी मोडून उभी रचतात, पेटवतात आणि जाळ बसेपर्यंत थांबतात. शेण म्हणजे जनावराने चघळून बारीक केलेला चारा. तो वाळला की सावकाश धुमसतो, ओल्या लाकडासारखा तडतडून ठिणग्या उडवत नाही. रॉकेल ओतून घाई करणाऱ्याला दोन शिक्षा होतात: भडका तोंडावर येतो आणि हुरड्याला वास लागतो. निखाऱ्यांवर राखेची साय धरली की कणसे दांडा बाहेर ठेवून आत खुपसतात. दाण्याचा पोपटी रंग गडद होतो, वरची कुसे करपतात, कणीस बाहेर येते. ते हातावर झेलत, फुंकर घालत चोळायचे आणि सुपात पाखडायचे. सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. लुगडे किंवा धोतर सावरून बसण्याचा वडीलधाऱ्यांचा शिरस्ता हा निव्वळ शिष्टाचार नव्हता. बसणाऱ्यांचे कडे आगटीभोवती असे आणि पोरे त्या कड्याच्या बाहेर.

हे चित्र बदलले ते ज्वारीचे रान ऊस आणि इतर नगदी पिकांखाली गेल्यावर. गॅस आल्यावर गोवऱ्या थापणेही कमी झाले. उलट शहरातला माणूस हुरड्यासाठी पैसे मोजून शेतावर येऊ लागला. २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले, त्याच्या आधीपासूनच पुण्याहून नगरकडे आणि सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हुरडा पार्टीचे फलक दिसत. तिथली आगटी अनेकदा विटांनी बांधलेली, कायमची, कधी पत्र्याच्या शेडखाली. सोय झाली, पण नवी अडचणही आली: गोवऱ्यांचा किंवा कोळशाचा विस्तव तिन्ही बाजूंनी बंद जागेत ठेवला, तर त्याचा विषारी वायू कोंडतो, आणि त्याला ना रंग ना वास. उन्हापेक्षा भिंतींचा धोका मोठा, हे शेड बांधणाऱ्याच्या लक्षात येतेच असे नाही.

आगटी विझवणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग. जेवणे झाली की वर माती लोटून माणसे उठतात. पण राखेखाली विस्तव राहतो. काडेपेटी महाग असण्याच्या काळात बायका रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून सकाळी तोच फुंकून पेटवत, ते याच गुणावर. आगटीवरची माती निखाऱ्याला तसेच पांघरूण घालते, आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी येणाऱ्या गड्याचा पाय नेमका तिथे पडतो. म्हणून माती लोटण्याआधी कडेकडेने पाणी शिंपडायचे. एकदम ओतले तर वाफेबरोबर तापलेली राख अंगावर येते. मग काठीने तळापासून ढवळायचे, पुन्हा पाणी शिंपडायचे आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहायची. ऊब लागली नाही की खड्डा बुजवायचा. उरलेली राख त्याच दिवशी उकिरड्यावर नेत नाहीत. ती रात्रभर उघड्यावर पडू देतात आणि सकाळी पाटीत भरतात.