आगीच्या नकाशातले थिएटर

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातले चॅपेल हिल हे विद्यापीठाच्या आधाराने वाढलेले गाव. विद्यापीठ 1795 पासून चालू. गावाची वस्ती मात्र 1920 च्या जनगणनेतही जेमतेम दीड हजार. एवढ्याशा गावातल्या सिनेमागृहांचा माग काढायला बसले की पहिला उपयोगी कागद हाती येतो तो विमेवाल्यांसाठी केलेला.

सॅनबॉर्न ही 1867 मध्ये निघालेली नकाशे करणारी कंपनी. तिचे मोजणीदार गावोगाव हिंडत आणि भर बाजारातली एकेक इमारत पन्नास फुटांना एक इंच या मापाने कागदावर उतरवत. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी. भिंत किती जाड, छप्पर कशाचे, पाण्याची सोय कुठे, ही सगळी मोजदाद एकाच प्रश्नासाठी: आग लागली तर काय काय जळेल? सिनेमागृहाची नोंद ते आवर्जून करत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, एकदा पेटली की विझवणे मुश्कील. शिवाय 1897 मध्ये पॅरिसच्या धर्मादाय बाजारात सिनेमाच्या खेळात आग लागून सव्वाशेवर माणसे गेली होती. ती आग खरे तर फिल्मची नव्हे, दिव्यात वापरलेल्या ईथरची. पण विमेवाल्यांना एवढा फरक करायचे कारण नव्हते.

म्हणून दुकानांच्या रांगेत एखाद्या चौकोनावर ‘मूव्हिंग पिक्चर्स’ असे बारीक अक्षर दिसले की संशोधक थांबतो. चॅपेल हिलच्याच विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नकाशे, जुनी वर्तमानपत्रे आणि गावांच्या नामसूची ताडून पाहिल्या. 1922 पर्यंत राज्यात सिनेमा दाखवला गेल्याच्या तेराशेहून अधिक जागा त्यातून निघाल्या. तोवर अमेरिकन सिनेमाच्या आरंभकाळाचा इतिहास बव्हंशी न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत बसून लिहिला जात होता. दीड हजार वस्तीच्या गावांना त्यात तळटीपेचीही जागा नव्हती.

नकाशा मात्र वर्षावर्षाला होत नसे. दोन मोजण्यांच्या मधल्या काळासाठी वर्तमानपत्रेच चाळावी लागतात. विद्यार्थ्यांचे ‘टार हील’ 1893 पासूनचे, 1929 मध्ये ते दैनिक झाले. गावाचे ‘चॅपेल हिल वीकली’ 1923 चे. मूकपटांच्या काळातले फ्रँकलिन स्ट्रीटवरचे ‘पिकविक’ सापडते ते अशा वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत. पण जाहिरात सिनेमाचे नाव आणि दिवस सांगते, इमारत कुठली ते सांगत नाही, आणि इथेच गफलत होते. 1927 मध्ये त्याच रस्त्यावर ‘कॅरोलिना’ उघडले. 1940 च्या दशकात याच नावाचे नवे थिएटर जवळच्या कोपऱ्यावर उभे राहिले. जुन्याची पाटी बदलली आणि पुढे ते ‘व्हर्सिटी’ म्हणून ओळखले गेले. जाहिरातींवर विसंबणाऱ्याच्या लेखी एकच कॅरोलिना अखंड चालू राहते. प्रत्यक्षात नाव रस्ता ओलांडून गेलेले असते, भिंती जागच्या जागी. नकाशा शेजारी ठेवला तरच हा घोळ सुटतो.

दोन्ही कागद एका बाबतीत सारखेच मुके आहेत. सॅनबॉर्नचे मोजणीदार दक्षिणेतल्या गावांत काळ्या लोकांच्या चर्चवर, शाळेवर, चाळींवर ‘कलर्ड’ किंवा ‘निग्रो’ असे लिहीत. गोऱ्यांच्या इमारतीवर वंशाची नोंद नसे. जिथे काही लिहिलेले नाही ते गोऱ्यांचे, हा नकाशाचा अलिखित नियम. थिएटरच्या चौकोनावरही वंशाचा शब्द नाही, आणि जाहिरातदारालाही तो छापायची गरज नव्हती. कुणाला तिकीट मिळणार नाही हे गावात प्रत्येकाला ठाऊकच होते.

ते कागदावर आले 1961 च्या जानेवारीत, तेही एका सिनेमामुळे. ‘पोर्गी अँड बेस’ कॅरोलिनात लागला. सिडनी पॉइटिए आणि डोरोथी डँड्रिज यांच्यासह जवळजवळ सगळे कलावंत काळे. प्रेक्षागृहात मात्र काळ्या माणसाला मज्जाव. पन्नासेक मैलांवरच्या ग्रीन्सबरोमध्ये उपाहारगृहातल्या सत्याग्रहाला तेव्हा वर्ष होत आले होते. चॅपेल हिलमध्ये विद्यार्थी आणि नागरिक फलक घेऊन थिएटरच्या दारापुढे उभे राहिले. ज्या अंकांत इतकी वर्षे नुसते खेळांचे दिवस छापून येत, त्यांच्याच बातम्यांत आता दाराशी कोण अडवले जाते हेही येऊ लागले.

2 जुलै 1964 रोजी नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. वंशावरून कुणाला अडवता येणार नाही अशा ठिकाणांच्या यादीत त्या कायद्याने खाणावळी आणि हॉटेले घातली, आणि चित्रपटगृहांचाही नाव घेऊन उल्लेख केला.