पुष्परचना, घरगुती (नांदेड व लातूर)

ताजी फुले घरात शोभेसाठी वा पूजेसाठी मांडण्याची कला. फुलदाणी हीच तिची खूण मानली, तर नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच घरांत ही कला नाहीच असे म्हणावे लागेल, आणि ते चूक ठरेल. इथे फूल देठासकट पाण्यात उभे करण्यापेक्षा ओवण्याची, गुंफण्याची आणि थरांनी रचण्याची रीत जुनी आहे. दसऱ्याचे झेंडू व आंब्याच्या पानांचे तोरण, शेवंतीची वेणी, भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढची फुलापत्रीची आरास ही त्याची उदाहरणे. या रीतीमागे रूढी आहेच. पण इथल्या हवापाण्याला ती जितकी मानवते तितकी फुलदाणी मानवत नाही, हेही तिच्या टिकून राहण्याचे कारण मानायला हवे.

तोडलेल्या फुलातून पाणी उडत राहते आणि देठातल्या बारीक नळ्या ते खालून ओढत राहतात. कापताना शिरलेली हवा किंवा शिळ्या पाण्यातले जिवाणू या नळ्या बुजवतात. मग फुलदाणी काठोकाठ भरलेली असूनही गुलाब मान टाकतो. मे महिन्यात दोन्ही जिल्ह्यांत पारा चाळिशी ओलांडतो, वारा कोरडा असतो आणि फुलातले पाणी भराभर उडते. लांब देठाच्या जरबेऱ्याला ती तूट भरून काढणे जड जाते. पसरट पितळी भांड्यात सोडलेला मोगरा किंवा बिनदेठाची शेवंती पाण्याला लागूनच असते. तोरणाला आणि वेणीला तर साठवलेले पाणी लागतच नाही. ओवलेली फुले ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, वर पाण्याचा शिपका दिला, की भागते. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा गावात फुलांवर पाणी घालवणे ही चैन आहे, हा आक्षेप रास्तच. पण तो फुलदाणीला जेवढा लागू पडतो तेवढा तोरणाला पडत नाही.

यावर असे म्हणता येईल की ही सारी पूजा आहे, तिला रचनाकला का म्हणावे? याचे उत्तर तेलंगणाच्या सीमेवर सापडते. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांतल्या तेलुगूभाषक घरांची बतुकम्मा पाहावी. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस चालणाऱ्या या सणात कुरडूचे तुरे सारख्या लांबीवर कापून त्यांची टोके रंगवतात. तबकात फुलांचा गोल थर लावायचा, मधली पोकळी पाने आणि कापलेल्या देठांनी भरायची, वर तरवडाच्या पिवळ्या फुलांचा थर, मग झेंडू, असे करत रचना निमुळती होत जाते. शेवटी माथ्यावर भोपळ्याचे फूल आणि हळदीची गौरम्मा. देवीपुढे वाहायला ओंजळभर फुले पुरली असती. सारखी लांबी, रंगांचा क्रम आणि मधला भराव हा खटाटोप डोळ्यांसाठी व तोलासाठी आहे, आणि यालाच रचना म्हणतात. शिवाय कुरडू शेतात तण म्हणून उगवतो, तरवड पडीक रानात फुलतो. फूलबाजाराची गरज फारशी पडत नाही.

मात्र या बाजूने बोलताना ‘आपली फुले’ आणि ‘परकी फुले’ अशी वाटणी करू नये. झेंडू, गलांडा व गुलछडी मूळची अमेरिका खंडातली, तर बागेतली शेवंती चीनची. फूल कुठून आले यापेक्षा ते कसे मांडले जाते, हा खरा प्रश्न आहे. म्हणून फुलदाणी टाकाऊही ठरत नाही. पावसाळा सरल्यावर संक्रांतीपर्यंत ती इथेही चांगली साथ देते. देठ पाण्याखाली धरून तिरका कापावा, बुडणारी पाने काढावीत आणि पाणी रोज बदलावे. पिकत्या केळींमधून निघणाऱ्या इथिलीन वायूने बरीच फुले लवकर कोमेजतात, त्यामुळे फळांचे ताट दूर ठेवावे. गुलछडीची फुले खालून वर उमलत जातात. कोमेजलेली खुडत राहिली, की वरच्या कळ्यांना वाव मिळतो.