लेखणी परक्याच्या हाती

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३२ व्या अध्यायात एका खरेदीखताची हकीकत आहे. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः कैदेत; अशा वेळी तो आपल्या चुलतभावाकडून अनाथोथचे शेत १७ शेकेल रुप्याला विकत घेतो. खत लिहिले जाते, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद व एक उघडी ठेवली जाते आणि दोन्ही बारूख या लेखकाच्या हाती सोपविल्या जातात. त्या मातीच्या भांड्यात ठेवाव्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील, अशी आज्ञा होते. भक्तांनी या अध्यायात आशेचा संदेश वाचला आहे. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. माणसाचा हक्क शेवटी कागदावर राहतो, आणि तो कागद बहुधा दुसऱ्याच्या हातचा असतो. तो दुसरा बारूखासारखा विश्वासू असेल तरच शेत धन्याचे राहते.

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यातले येरमाळा हे गाव येडेश्वरी देवीच्या यात्रेमुळे सर्वांना ठाऊक आहे. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या या गावातील शेतकऱ्याच्या कागदांचा इतिहास पाहिला, तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याच्या जमिनीचा लेख किती हातांतून आणि किती लिप्यांतून गेला, हे पाहून मन थक्क होते.

हा मुलूख निझामाचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा हा प्रदेशही इंग्रजांकडे गेला. तेथे नेमलेल्या मेडोज टेलर या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी हाती घेतली. १८६० मध्ये मुलूख पुन्हा निझामाकडे आला. गावचा कुलकर्णी हिशेब मोडीत लिहीत होता, तर राज्याच्या दरबारी कामकाजाची भाषा आधी फारसी होती व १८८४ च्या सुमारास उर्दू झाली. वर्ष फसली, भाषा उर्दू, लिपी एक तर नस्तालिक नाही तर मोडी. आणि शेतकरी बोलणार मराठी! आपल्या तोंडची तक्रार सरकारच्या कानी घालण्यासाठी त्याला अर्जनवीस गाठावा लागे. अर्जनवीस काय लिहितो हे कळण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. तो फक्त अंगठा पुढे करी.

शेजारची बार्शी मात्र इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात होती, आणि तेथे निराळे घडले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून ते जाळण्यात आले. निरक्षर माणसाला वैर कोणाशी करायचे हे बरोबर कळले होते. आपल्याला वाचता येत नाही अशा कागदाशी. शुभवर्तमानातील अन्यायी कारभारी शंभराचे पन्नास करवून घेतो, येथे पन्नासाचे शंभर होत होते.

त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यातील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकाने स्वतः किंवा आपल्या देखरेखीखाली लिहावयाचा, तो मोठ्याने वाचून दाखवावयाचा, आणि लिहून देणाऱ्याला तो समजला अशी खात्री झाल्यावरच त्याची सही अथवा अंगठा घ्यावयाचा. शेतकऱ्याचे दैन्य या कायद्याने संपले असे नाही. पण वाचून दाखविल्यावाचून अंगठा नाही, हे तत्त्व कायद्याच्या शब्दांत उतरले. येरमाळ्याचा शेतकरी हद्दीपलीकडे असल्याने त्याला तो कायदा लागू नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात व १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. पुढे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. उर्दूच्या जागी देवनागरी आली, कुलकर्ण्याच्या जागी तलाठी आला. तहसिलीच्या आवारात मुद्रांक विक्रेते व दस्तलेखक बसू लागले. त्यांच्याविषयी बरे-वाईट पुष्कळ बोलता येईल. पण त्यांच्या खताच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असे: हा दस्त मला वाचून दाखविला, तो मी समजून उमजून सही केली. कित्येकदा ते वाक्य नुसता उपचार असे हे खरे. तरीही समोर माणूस बसलेला असे, आणि त्याला ‘पुन्हा वाचा’ असे म्हणता येई.

या शतकात संगणक आला. २००२ च्या सुमारास दस्तनोंदणीचे संगणकीकरण झाले. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखला ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. भाडेकरारही आता संगणकावर तयार होतो व तेथेच नोंदविला जातो. ज्याने एका उताऱ्यासाठी चार हेलपाटे घातले असतील, त्याला हा केवढा दिलासा आहे हे सांगावयास नको. जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

परंतु ज्याला यंत्र चालविता येत नाही, तो सेवा केंद्रात जातो. तेथला तरुण अर्ज भरतो, मोबाईलवर आलेला आकडा विचारून घेतो, बोट यंत्रावर ठेवावयास सांगतो, आणि काम होते. रांग मोठी असते. वाचून दाखविण्यास सवड कोणाला? शाईचा अंगठा गेला, काचेवरचा अंगठा आला. अर्जनवीसही परत आला आहे. त्याच्या लेखणीची कळफलक-पाटी झाली एवढेच.

हे मी दुरून बोलत नाही, कारण आम्ही धर्मगुरूही लेखकच आहोत. ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहांची नोंदवही ठेवण्याचे कर्तव्य धर्मग्रामाच्या गुरूवर सोपविले. आपल्या देशात १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानेही त्याच्या नोंदीला मान दिला. माझ्या उमेदीच्या काळात बाप्तिस्म्याच्या नोंदीत एका मुलीचे घरात हाक मारण्याचे नावच मी लिहिले. आईने तेच सांगितले होते, आणि मी परत विचारले नाही, वाचून दाखविले नाही. पुढे बापाच्या मृत्यूनंतर वारसनोंदीच्या वेळी ती आणि कागदावरची मुलगी एकच, हे सिद्ध करण्यात तिची दोन वर्षे गेली. ती माझ्याकडे रागावून आली नाही, हेच मला अधिक लागले.

मराठवाड्यातील आपल्या बांधवांना तर जुन्या कागदाची गरज आता अधिकच आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, तर इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारला जातो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या बाहेर राहिले. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणजे शाळेच्या दाखल्यात मास्तरांनी धर्माच्या रकान्यात काय लिहिले, यावर नातवाचे शिक्षण अवलंबून! आणि आजोबांचा कागद मोडीत किंवा उर्दूत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी निझामकालीन दप्तरे धुंडाळली, तेव्हा या लिप्या वाचणाऱ्यांची किती गरज आहे हे साऱ्या महाराष्ट्राला कळले.

ब्रिटनीमधील संत इवो हे धर्मगुरू होते आणि वकीलही. १३०३ मध्ये ते निवर्तले व १३४७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. गरिबांचा कैवारी म्हणून ते वकिलांचे आश्रयदाते मानले जातात. तसे होणे सर्वांना साधणार नाही. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना व गरिबांना मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या न्यायालयात त्यासाठी समिती असते, एवढे तरी आपण रविवारच्या मिस्सानंतर सांगू शकतो. धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणाने शेजारच्या आजीबरोबर सेवा केंद्रात जावे आणि बोट ठेवण्याआधी पडद्यावरचा अर्ज तिला मोठ्याने वाचून दाखवावा. नाव, वडिलांचे नाव, गट क्रमांक, वारसांची संख्या, एवढे जरी तपासले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

१८७९ च्या कायद्याने जे ग्रामनिबंधकावर बंधनकारक केले, ते आज आपण प्रीतीपोटी करावे. बारूखाने ते खत जपले. आपल्या हाती आलेला परक्याचा कागद आपणही तसाच जपू या.