कर्जफेडीच्या तक्त्यातील मुद्दल व व्याज : एक ऐतिहासिक टिपण

नाशिक जिल्ह्यात ट्रॅक्टरसाठी अथवा द्राक्षबागेसाठी कर्ज घेणाऱ्यास जो हप्त्यांचा तक्ता मिळतो, त्यात मुद्दल व व्याज यांचे रकाने वेगळे असतात. स्प्रेडशीटवर असा तक्ता आज कोणालाही मांडता येतो. तथापि हे दोन रकाने केवळ हिशेबाची सोय नव्हेत. दख्खनच्या शेतकऱ्यास ते कायद्याने मिळाले, हे येथे दाखवावयाचे आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेले दंगे नाशिकला लागून असलेल्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरातील कर्जखतांवर होता आणि ते समजण्यासारखे आहे. थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे कर्जखत लिहून घेतले जाई. त्यामुळे मूळ रक्कम किती, हे कुळालाच काय, न्यायालयालाही उमगत नसे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने नेमके यावरच बोट ठेवले. त्याच्या कलम १३ नुसार न्यायालयाने व्यवहाराच्या आरंभापासून मुद्दल व व्याज यांचे स्वतंत्र हिशेब करावयाचे होते. व्याजाचे मुद्दल सामान्यतः धरावयाचे नव्हते. भरणा प्रथम व्याजात व उरेल तो मुद्दलात जमा व्हावयाचा होता. व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीहून वाढल्यास देणे मुद्दलाच्या दुपटीवर थांबे. हाच जुना दामदुपटीचा नियम. दरसाल १२ टक्क्यांनी घेतलेले १०० रुपये नऊ वर्षे थकले तर चक्रवाढीने सुमारे २७७, सरळ व्याजाने २०८ आणि दामदुपटीने २०० होतात. कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू होता. नाशिक त्यात नव्हते. इलाख्याच्या इतर भागांत तो विसाव्या शतकाच्या आरंभी पोहोचला.

योगायोग असा की, व्हिजिकॅल्क ही संगणकावरील स्प्रेडशीट बरोबर शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये आली. १,००,००० रुपये, दरसाल १२ टक्के, बारा मासिक हप्ते असे मांडल्यास हप्ता ८,८८४.८८ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातील १,००० व्याजात व ७,८८४.८८ मुद्दलात जातात. दुसऱ्या महिन्याचे व्याज ९२,११५.१२ वर, म्हणजे ९२१.१५. आधी व्याज, मग मुद्दल, हा कलम १३ चाच क्रम होय.

परंतु समान हप्त्याचे सूत्र दरमहा पगार घेणाऱ्यास सोयीचे. निफाड-दिंडोरीकडील द्राक्ष बागायतदाराचा पैसा हंगामात येतो. इतर महिन्यांत भरण्याचा रकाना रिकामाच राहतो. अशा वेळी पुढील ओळीचे व्याज एकूण बाकीवर काढले, तर न भरलेले व्याज निमूटपणे मुद्दल होते. सावकार त्यासाठी नवे कर्जखत करी, येथे ते दरमहा आपोआप होते. रिझर्व्ह बँकेने शेतीकर्जाच्या चालू देण्यावर व्याजाची चक्रवाढ करू नये, तसेच अल्पभूधारकांच्या अल्पमुदतीच्या कर्जात एकूण व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, असे बँकांना बजावले होते. हे पाळावयाचे तर शेतीकर्जाच्या तक्त्यात शिल्लक मुद्दल व थकीत व्याज यांचे दोन रकाने ठेवून व्याजाचे सूत्र फक्त पहिल्या रकान्याशी जोडावे लागते.