कंपनीला धर्म नसतो : ट्रान्सवालच्या दुकानदारांचा विसरलेला इतिहास

परदेशात नोकरी करणे आणि परदेशात धंदा उभा करणे यांत मोठा फरक आहे. नोकरदार पगार घेतो, घरी पैसे पाठवतो आणि करार संपला की परत येतो. धंदा करणारा माणूस मात्र माल भरतो, उधारी देतो, जागा घेतो, चार माणसे कामाला ठेवतो. तो त्या मातीत गुंततो. म्हणून त्याच्यासमोर जो प्रश्न उभा राहतो तो नोकरदारापुढे कधीच येत नाही : हे सगळे कोणाच्या नावावर?

आखातात दुकान किंवा वर्कशॉप चालवणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. घाम आपला, भांडवल आपले आणि पाटी कफीलच्या नावाची, ही व्यवस्था कोकणातल्या अनेक घरांनी जवळून पाहिली आहे. पण ही गोष्ट आखातापासून सुरू झाली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या मुस्लीम व्यापाऱ्यांनी याच प्रश्नाशी झुंज दिली होती. त्यांनी शोधलेले उत्तर तिथल्या कंपनी कायद्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. गांधीजींच्या चरित्रात हे व्यापारी चार ओळींत येऊन जातात. त्यांच्याकडे व्यापारी म्हणून क्वचितच कोणी पाहते.

दक्षिण आफ्रिकेत भारतीय दोन वाटांनी गेले. पहिली वाट गिरमिटियांची. नोव्हेंबर 1860 मध्ये ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासहून करारबद्ध मजूर घेऊन दरबानला पोहोचले. नाताळच्या उसाच्या मळ्यांसाठी ही माणसे नेली होती. दुसरी वाट स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून जाणाऱ्यांची. त्यांना तिथे ‘पॅसेंजर इंडियन’ म्हणत. यांत सुरत आणि काठियावाडचे मेमन आणि व्होरा मुसलमान पुढे होते. पोरबंदरचे अबूबकर आमद झवेरी हे त्यांतले अगदी सुरुवातीचे मोठे नाव. आपले कोकणी मुसलमानही गेले. रायगड-रत्नागिरीच्या गावांतून निघालेल्या अनेकांनी केपटाऊन गाठले. कोणी फेरी केली, कोणी किराणा दुकान टाकले. केपटाऊनमध्ये ‘कोकणी’ ही ओळख आजही जिवंत आहे.

मजुरांना तांदूळ, डाळ, कापड, मसाला हवा होता. गोऱ्या दुकानदाराला त्यांची भाषा येत नव्हती. भारतीय दुकानदार कमी नफ्यावर विकत, उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवत, लहान गिऱ्हाइकालाही उधारी देत. आतल्या भागात बोअर शेतकरी आणि आफ्रिकी माणसेही त्यांच्याकडे येऊ लागली. गोऱ्या व्यापाऱ्यांची तक्रार इथून सुरू झाली. तक्रार धंद्याची होती, पण बोलली गेली ती स्वच्छतेच्या आणि वंशाच्या भाषेत.

ट्रान्सवाल तेव्हा बोअरांचे प्रजासत्ताक होते. तिथे 1885 साली ‘कायदा क्रमांक 3’ आला. तो कोणाला लागू होता ते वाचण्यासारखे आहे : कुली, अरब, मलायी आणि तुर्की साम्राज्यातली मुस्लीम प्रजा. म्हणजे वंश, मजुरी, देश आणि धर्म यांची एकच मोट बांधली. या लोकांना नागरिकत्व नाही, स्थावर मालमत्ता स्वतःच्या नावावर नाही, व्यापारासाठी राहायचे तर नोंदणी करून 25 पौंड भरायचे. पुढे ही रक्कम 3 पौंडांवर आली आणि ठरवून दिलेल्या वस्तीपुरती जमीन घ्यायला मुभा मिळाली. पण मूळ बंदी राहिली.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अनेक मुस्लीम व्यापारी स्वतःला ‘अरब’ म्हणवून घेत. आपण मजूर नव्हे, आपल्याला कुली समजू नका, हा त्यामागचा हेतू. अपमान टाळण्याची धडपड समजू शकते. पण कायद्याने ‘कुली’ आणि ‘अरब’ यांना एकाच ओळीत बसवले. वेगळे नाव घेतल्याने वेगळी वागणूक मिळाली नाही.

नाताळ इंग्रजांची वसाहत. तिथे भाषा सभ्य होती, परिणाम तोच. डिसेंबर 1896 मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचे ‘कुरलँड’ आणि दुसरे ‘नादेरी’ ही जहाजे प्रवासी घेऊन दरबानच्या बंदरात आली, तेव्हा गोऱ्या जमावाने ती परत पाठवण्याची मागणी केली. त्यानंतर 1897 साली दोन कायदे झाले. पहिला प्रवेशाचा : येणाऱ्याला युरोपातल्या एखाद्या भाषेच्या लिपीत अर्ज लिहिता आला पाहिजे. दुसरा दुकानाच्या परवान्याचा : हिशेबाच्या वह्या इंग्रजीत ठेवता आल्या पाहिजेत आणि परवाना अधिकाऱ्याने नकार दिला तर दाद फार तर नगर परिषदेकडे मागायची, न्यायालयात नाही. त्या परिषदेत बसलेले अनेक जण स्वतःच दुकानदार असत.

केप वसाहतीतही युरोपीय भाषेची अट होती. 1906 च्या कायद्याने यिडिश ही युरोपीय भाषा मानली, त्यामुळे ज्यू निर्वासितांची सोय झाली. ते चांगलेच झाले. पण उर्दू, गुजराती, मराठी, तमिळ या अटीत बसत नव्हत्या. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून ही अट मला विशेष बोचते. ज्याला मोडी आणि बाळबोध दोन्ही येते, जो कुरआन वाचतो आणि हिशेब तोंडी करतो, तो माणूस त्या कायद्याच्या नजरेत निरक्षर ठरतो. केपमध्ये राहणारा कोकणी दुकानदार गावी यायला निघाला तर त्याला ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागे. मुदत हुकली तर परतीचा हक्क गेला. लग्न, आजारपण, मयत, काहीही कारण असो.

दादा अब्दुल्लांची गोष्ट या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावी. 1893 साली त्यांनी बॅरिस्टर गांधींना 105 पौंडांच्या मेहनतान्यावर बोलावले ते राजकारणासाठी नव्हे. तय्यब शेठ या नातेवाईक व्यापाऱ्यावर त्यांचा 40,000 पौंडांचा दावा होता. खटला सगळा वह्यांचा, हुंड्यांचा आणि वचनचिठ्ठ्यांचा. तो समजण्यासाठी गांधींना जमाखर्चाचे पुस्तक आणून अभ्यास करावा लागला. शेवटी लवादाने निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने दिला. एकदम वसुली केली असती तर तय्यब शेठ दिवाळखोर झाले असते, आणि मेमन व्यापाऱ्याला दिवाळे मरणापेक्षा वाईट वाटे. दादा अब्दुल्लांनी लांब मुदतीचे हप्ते कबूल केले. परदेशात धंदा टिकतो तो पतीवर, आणि पत समाजाच्या आत सांभाळली जाते, हे या निवाड्यातून दिसते.

पण समाजाच्या आतली पत सरकारी दप्तरात चालत नाही. अबूबकर आमद यांनी प्रिटोरियात घेतलेली जमीन त्यांच्या मृत्यूनंतर वारसांच्या नावे चढेना, कारण वारस ‘आशियाई’ होते. शरियतप्रमाणे वाटण्या करता येत होत्या, कागदावर मात्र वारसच नव्हते. त्यामुळे ट्रान्सवालमध्ये भारतीयांनी सरळ वाट काढली : जमीन विश्वासू गोऱ्या माणसाच्या नावावर घ्यायची आणि आतून वेगळा करार करायचा. आपल्याकडे याला बेनामी म्हणतात. हा मार्ग त्या गोऱ्या माणसाच्या इमानावर उभा होता. तो मेला, बुडाला किंवा फिरला तर काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

बोअर युद्धाच्या वेळी भारतीयांवरचा अन्याय हे इंग्रजांनी एक कारण म्हणून सांगितले. 1902 साली ट्रान्सवाल त्यांच्या हाती आले, आणि 1885 चा कायदा तसाच राहिला, उलट अधिक काटेकोर झाला. 1904 मध्ये हबीब मोटन यांच्या खटल्यात न्यायालयाने एवढे मान्य केले की राहण्याची जागा ठरवून देता येते, व्यापाराची नाही. दुकान कुठेही घालता येईल. पण दुकानाखालची जमीन अजूनही आपली नव्हती.

मग 1909 साली ट्रान्सवालचा नवा कंपनी कायदा आला. दोन माणसांना मिळून खासगी कंपनी काढता येऊ लागली. इंग्लंडमध्ये 1896 सालच्या अखेरीस सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने एक तत्त्व ठामपणे सांगितले होते : नोंदलेली कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, मग जवळपास सगळे भाग एकाच माणसाकडे का असेनात. भारतीय दुकानदारांनी आणि त्यांच्या वकिलांनी यातला अर्थ ओळखला. कायदा म्हणतो, आशियाई माणसाने जमीन घेऊ नये. ठीक. कंपनीला कातडी नाही, देश नाही, धर्म नाही. मग जमीन कंपनी घेईल.

जोहान्सबर्गच्या पश्चिमेला क्रूगर्सडॉर्प हे सोन्याच्या खाणींचे गाव आहे. तिथले दुकानदार महंमद दादू हे सुरत भागातून गेलेले. ‘दादू लिमिटेड’ ही कंपनी निघाली. तिचे भाग 150, त्यांतले 149 दादूंचे आणि एक दुसऱ्या भारतीय भागधारकाचा. कंपनीने 1915 मध्ये गावात दोन भूखंड घेतले आणि दुकानासाठी दादूंनाच भाड्याने दिले. नगरपालिका न्यायालयात गेली : हा कायद्याला दिलेला चकवा आहे. प्रांतिक न्यायालयाने नगरपालिकेचे ऐकले. दादूंनी सर्वोच्च अपील न्यायालयात दाद मागितली. 1920 साली मुख्य न्यायाधीश सर जेम्स रोझ-इन्स यांच्या न्यायालयाने निकाल फिरवला. कंपनी वेगळी, भागधारक वेगळे. कायद्याने माणसांना बंदी केली आहे, कंपनीला नाही. कायद्यात जे लिहिलेले नाही ते न्यायालय घालणार नाही, असा त्याचा सारांश. दक्षिण आफ्रिकेत कायदा शिकणारा विद्यार्थी आजही हा खटला वाचतो. एका किराणा दुकानदाराचे नाव त्या देशाच्या कंपनी कायद्याला असे चिकटले.

इथे गोष्ट संपवली तर ती हुशारीच्या विजयाची होईल. पण निकाल लागण्याआधीच, 1919 साली, संसदेने दुरुस्ती करून ही फट बुजवली होती. आधीचे हक्क शाबूत ठेवून, ज्या कंपनीवर आशियाई माणसांचा ताबा आहे तिलाही जमीन घ्यायला बंदी झाली. म्हणजे कायद्याने कंपनीचा पडदा उचलून आत कोण बसले आहे ते पाहायला सुरुवात केली. 1932, 1946 आणि 1950 चे कायदे याच रस्त्यावरचे पुढचे टप्पे. 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्याने तर वस्त्याच हलवल्या. दादू जिंकले ते आपल्या दोन भूखंडांपुरते.

परवान्याचा धाक किती दूरवर जातो हे अहमद महंमद काछलिया यांच्या बाबतीत दिसते. ते ट्रान्सवालच्या सत्याग्रहाचे अध्यक्ष होते. गोऱ्या घाऊक व्यापाऱ्यांनी त्यांना सांगितले, चळवळ सोडा नाहीतर आमचे पैसे ताबडतोब द्या. मालमत्ता कर्जाहून जास्त असूनही त्यांनी दिवाळे पत्करले. लिलावातून घेणेकऱ्यांना पौंडामागे पूर्ण वीस शिलिंग मिळाले. धंदा गेला, इज्जत राहिली.

महंमद दादूंचा मुलगा युसूफ 1909 मध्ये क्रूगर्सडॉर्पलाच जन्मला, म्हणजे ज्या वर्षी तो कंपनी कायदा आला त्याच वर्षी. अलीगढला शिकून, एडिंबरोहून डॉक्टर होऊन 1936 साली तो परतला. वडिलांनी कायद्यातली फट शोधली. मुलाने ठरवले की फटींवर पिढ्या जगत नाहीत. 1946 च्या प्रतिकारात तो तुरुंगात गेला. 1947 मध्ये डॉ. नायकर आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे डॉ. झुमा यांच्यासोबत त्याने एकत्र लढण्याच्या करारावर सही केली. वडिलांच्या पिढीतले अनेक जण आपण ‘कुली’ नाही, ‘काळे’ नाही हे सांगत राहिले. मुलगा त्यांच्याच शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने दुकानाचा प्रश्न नागरिकत्वाचा केला.

आता पुन्हा आखाताकडे पाहू. संयुक्त अरब अमिरातीत मुक्त क्षेत्राबाहेर कंपनी काढायची तर 51 टक्के भाग स्थानिकाचा, हा नियम अनेक दशके होता. जबल अलीचे मुक्त क्षेत्र 1985 साली निघाले आणि तिथे पूर्ण मालकी शक्य झाली. 2021 पासून बहुतेक धंद्यांसाठी ही अट बाहेरही उठली. सौदीत दुसऱ्याच्या नावावर धंदा चालवण्याला ‘तसत्तुर’ म्हणतात आणि तो गुन्हा आहे. आपण पडद्याला ज्या अर्थाने ‘सतर’ म्हणतो, त्याच धातूतला हा शब्द. नियम सैल झाले याचा फायदा आपल्या मुलांनी जरूर घ्यावा. तोंडी कराराऐवजी लेखी, दुसऱ्याच्या नावाऐवजी स्वतःच्या नावाने, हिशेब नीट ठेवून धंदा करावा. दादा अब्दुल्लांच्या काळातही जो वाचला तो वहीमुळेच.

पण ज्या हुकमाने 51 टक्क्यांची अट जाते, त्याच हुकमाने ती परत येऊ शकते. ज्या देशात आपल्याला मत नाही, तिथली मालकी ही सवलत असते, हक्क नव्हे. तिथे कमावावे, इमानाने कमावावे. आणि जिथे आपल्याला मत आहे, जिथे आपण नागरिक आहोत, तिथे आपल्यासारखेच ज्याला जागा नाकारली जाते त्याच्यापासून वेगळे नाव सांगून सुटायचा प्रयत्न करू नये. ‘अरब’ म्हणवून घेणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला नव्हता.