घराची जमीन आणि तिची ओल

घरांचा इतिहास सांगताना आपण कमानींचे, सज्जांचे आणि नक्षीदार खांबांचे वर्णन करतो. पायाखालच्या जमिनीचे नाव मात्र क्वचितच निघते. वास्तविक आपल्याकडे जमीन ही केवळ चालण्यापुरती नसते. तिच्यावर पाट मांडतात, अंथरूण पसरतात, तान्हे मूल तिच्यावरच रांगावयास शिकते. ती ओली राहिली तर घरातील माणसांच्या प्रकृतीस त्याची झळ पोचल्यावाचून राहत नाही. म्हणून इंदूर-महू मार्गावरील राऊ या गावाच्या निमित्ताने, माळव्यातील घरांनी या ओलीशी कसा सामना केला, याचा आज थोडा विचार करू.

राऊ हे माळव्याच्या पठारावरचे गाव. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण, अशी येथील भूमीची रचना आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्हारसाने सह्याद्री घडला, त्यानेच हे पठारही घडविले. अठराव्या शतकात होळकरांच्या पाठोपाठ जी मराठी कुटुंबे नर्मदा ओलांडून येथे आली, त्यांना भाषा परकी वाटली असेल, पाणी परके वाटले असेल. पण माती आणि दगड मात्र ओळखीचेच होते.

ही काळी माती शेतकऱ्याची लक्ष्मी असली, तरी घर बांधणाऱ्याची परीक्षा पाहणारी आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शिवाय दिव्याच्या वातीतून तेल चढावे, तसे तिच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर चढत राहते. भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा फुटतो, तो याच पाण्याबरोबर वर आलेल्या क्षारांचा. छप्पर गळले तर डोळ्यांना दिसते. जमिनीतून येणारे पाणी मात्र चोरपावलांनी येते.

यावर जुन्या बांधकामाचा पहिला उपाय म्हणजे उंच जोते. १७४७ च्या सुमारास मल्हारराव होळकरांनी उभारावयास घेतलेला इंदूरचा राजवाडा पाहावा. त्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. ओल सोसणारा दगड भूमीशी, ओलीने कुजणारे लाकूड उंचावर, हा त्या रचनेचा एक उघड लाभ होय.

दुसरा उपाय जमिनीच्या घडणीत होता. साध्या घरात मुरूम टाकून, पाणी शिंपडून, धुम्मसाने ठोकीत आणि वर शेणाने सारवीत. वाड्यांतून चुन्याचा कोबा असे. घाणीत मळलेला चुना, विटांचे तुकडे व सुरकी यांचा थर पसरून तो थापीने दिवसेंदिवस पिटीत. कोठे कोठे त्यात गुळाचे पाणी किंवा हिरड्याचा काढाही घालीत. या दोन्ही प्रकारांत एक मर्म आहे. त्या जमिनी ओल पूर्णपणे अडवीत नसत. खालून आलेल्या दमट वाफेला हळूहळू वर निघून जाण्यास वाट देत. जुन्या घराने ओलीशी तह केला होता, असे म्हटले तरी चालेल.

हा तह मोडला तो सिमेंटच्या युगात. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात १९०४ मध्ये मद्रासेस पहिला प्रयत्न झाला आणि १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले. पुढे कोबा हा शब्द राहिला, पण त्यातला चुना जाऊन सिमेंट आले. त्याबरोबरच एक भ्रमही घरोघर शिरला. सिमेंट दगडासारखे कठीण, तेव्हा त्यातून पाणी येणार कसे, असे लोकांना वाटू लागले.

पाणी येते, आणि ते दोन वाटांनी येते. एक वाट भूमीची. दुसरे पाणी काँक्रीटच्या पोटातलेच. पन्नास किलो सिमेंटच्या गोणीस रासायनिक संयोगासाठी सुमारे बारा लिटर पाणी पुरते. परंतु माल कालवता व पसरता यावा म्हणून त्याच्या दुपटीहून अधिक घालावे लागते. उरलेले बरेचसे पाणी बाहेर पडावयाचे, आणि पडताना मागे बारीक छिद्रे सोडावयाची. पुढे त्याच छिद्रांतून भूमीची ओल वर चढते. अशा जमिनीवर शहाबादी किंवा कोटा फरशी बसविली तर सहसा निभते. परंतु डिंकाने चिकटविलेले व्हिनाइल किंवा लाकडी पट्ट्या घातल्या की वाफेची वाट बंद होते. ओल क्षार घेऊन डिंकावर येते, तो सुटतो, लाकूड फुगते, आणि घरमालक फरशीवाल्यास दोष देतो.

तेव्हा वरची वाट बंद करावयाची असेल, तर खालचे दार आधी बंद केले पाहिजे. काळी माती जेवढी काढता येईल तेवढी काढावी. त्या जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी ठोकून भरावा. त्यावर दगडांचे सोलिंग हाताने रचावे. दगडांमधल्या मोठ्या पोकळीतून पाणी वातीसारखे चढू शकत नाही. त्यावर वाळूचा पातळ थर देऊन जाड पॉलिथिन अंथरावे, जोडावर सहा इंच एकावर एक घ्यावे, कडा भिंतीशी वर वळवाव्यात, आणि मगच काँक्रीट ओतावे. हे पॉलिथिन १९३३ मध्ये इंग्लंडात एका प्रयोगात अकल्पितपणे हाती आले. आज तेच घराच्या पोटात पहारा करू शकते.

त्यानंतर धीर धरावा लागतो. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारणे हे त्याच्या बळकटीसाठी; ते वाळणे ही निराळीच गोष्ट. कोरड्या हवेत इंचभर जाडीस सुमारे एक महिना, असा ढोबळ हिशेब धरतात. पावसाळ्यात तोही चालत नाही. दीड फूट चौरस प्लास्टिक चारी कडांनी घट्ट चिकटवून एक रात्र ठेवावे. सकाळी खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलेले आढळले, तर फरशी बसविण्याची घाई करू नये.

राऊच्या परिसरात आज शेतांच्या जागी वसाहती उठल्या आहेत. कर्ज काढून, आयुष्याची शिल्लक ओतून माणसे तेथे घरे बांधीत आहेत. फरशीचा रंग निवडण्यात आठवडे जातात. तिच्याखाली काय घातले, हे विचारण्यास अर्धा दिवसही मिळत नाही. मल्हाररावांच्या काळापासून माती बदललेली नाही, पाऊस बदललेला नाही; बदलली आहे ती आपली घाई. जमीन एकदा झाकली की तिचे पोट पुन्हा उघडणे फार महागात पडते. म्हणून पाहावयाचे ते आधी पाहावे, आणि वाळवावयाचे ते पुरते वाळू द्यावे.